लाडका असिस्टंट कोच गेल्यावर शोक कसा करावा : नवशिक्यांसाठी

दोन सुटकेस, एक प्रेशर कुकर आणि आईने बांधून दिलेला गोडा मसाला घेऊन ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावी एमएस करायला उतरलेल्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. पहिलं सेमिस्टर सुरळीत पार पडतं. हिवाळ्याची सुट्टी संपवून परत यावं, तर अख्खं गाव सुतकात. लॅबमधला सहकारी तोंड पाडून बसलाय, दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाई उसासे टाकतायत. "कोणी गेलं का?" तुम्ही हळूच विचारता. "हो, गेला." "कधी?" "परवा." "कुठे?" म्हणजे कुठल्या हॉस्पिटलात, असं तुम्हाला विचारायचं असतं. उत्तर येतं, "कॅरोलिनाला."

इथे हसायचं नाही. हा पहिला नियम, आणि बाकीचे नियम विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

गेलेला माणूस फुटबॉलचा असिस्टंट कोच आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : लांबुळका चेंडू हाताने फेकायचा, नाहीतर छातीशी कवटाळून पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. कॉलेजचा खेळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जिमखान्याचं मैदान आणि कडेला दोन बाकं येतात. ते चित्र आधी पुसून टाका. लुइझियाना राज्यात बॅटन रूज इथे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिला सगळे एलएसयू म्हणतात. तिच्या टायगर स्टेडियममध्ये १,०२,३२१ माणसं बसतात. वानखेडेच्या जवळजवळ तिप्पट. आणि ही सगळी माणसं पदवीच्या विद्यार्थ्यांचा खेळ बघायला तिकीट काढून येतात.

एवढ्या गर्दीला प्रेम करायला कोणीतरी लागतं. खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातात. हेड कोचवर प्रेम करणं अवघड, कारण हरल्यावर शिव्या घालायलाही तोच लागतो. राहिला असिस्टंट. डाव फसला तर हेड कोचने ऐकलं नसेल, आणि साधला तर असिस्टंटचं डोकं! इतकं सुरक्षित प्रेम दुसरीकडे मिळत नाही. म्हणून असिस्टंट जातो तेव्हा लोक जास्त रडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. हेड कोच गेला तर निम्मं गाव सुटकेचा निःश्वास टाकतं.

अभ्यासासाठी एक नमुना घेऊ : ज्यो ब्रेडी, एलएसयू, हंगाम २०१९. याहून नमुनेदार केस माझ्या पाहण्यात नाही. जो विद्यार्थी ही केस नीट समजून घेईल, त्याला पुढे अलाबामा, मिशिगन, ओहायो कुठेही सुतक पाळताना अडचण येणार नाही.

शोक करण्यापूर्वी गमावलं काय ते माहीत हवं. एलएसयू हा पिढ्यान्‌पिढ्या बचावाच्या आणि धाकदपटशाच्या जोरावर जिंकणारा संघ. चेंडू हवेत फेकणं म्हणजे उधळपट्टी, अशीच तिथली समजूत होती म्हणा ना. ९ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामाने त्यांना २१-० असं हरवलं, आणि त्या सबंध रात्रीत एलएसयूला मैदानाची मधली रेघ एकदाच ओलांडता आली. एकदाच! त्यानंतर अलाबामाकडून हरण्याचा रतीब लागला. २०१८ मध्ये तर घरच्या मैदानावर, त्या लाखभर माणसांदेखत, २९-०. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, ज्यो बरो होता. त्या सबंध हंगामात त्याने १६ टचडाउन पास, म्हणजे झेलून थेट शेवटच्या रेषेपार नेलेले चेंडू, फेकले. वाईट नव्हतं, पण कोणी देव्हारा मांडावा असंही नव्हतं.

आणि जानेवारी २०१९ मध्ये ब्रेडी आला. वय २९. पद 'पासिंग गेम कोऑर्डिनेटर', जोडीला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरांना शिकवायचं काम. पगार वर्षाला चार लाख डॉलरच्या आसपास. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण त्याच संघात बचावाचा प्रमुख डेव्ह अरांडा पंचवीस लाख घेत होता. ब्रेडीने पाच-पाच गडी एकदम चेंडू झेलायला मोकळे सोडायला सुरुवात केली. समोरच्याने कोणाकोणाला धरायचं?

७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन, समोर टेक्सस. एलएसयू ३७, टेक्सस ३१. घड्याळात अडीच मिनिटांच्या आसपास उरलेली, तिसरा प्रयत्न, आणि सतरा यार्ड बाकी. जुन्या एलएसयूने अशा वेळी चेंडू मुकाट्याने पळणाऱ्याच्या हाती दिला असता, घड्याळ पुढे ढकललं असतं आणि देवावर हवाला ठेवून बचावाला मैदानात पाठवलं असतं. टेक्ससचे गडी सरळ बरोच्या अंगावर धावून आले. बरो मागे नाही सरला, गर्दीतून वाट काढत पुढे सरकला आणि धावता धावता मधल्या मोकळ्या जागेत जस्टिन जेफरसनकडे चेंडू फेकला. जेफरसन पळत सुटला तो ६१ यार्डांचं टचडाउन करूनच थांबला. सामना ४५-३८ असा खिशात. त्या रात्री बॅटन रूजमध्ये ज्यांना झोप आली नाही, त्यांना ब्रेडी कोण हे पाठ झालं. एका डावात माणूस घरचा होतो, तो असा.

पुढचं भराभर सांगतो. ९ नोव्हेंबरला अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ ने हरवलं, सलग आठ पराभवांनंतर. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध बरोने पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास फेकले. हंगामाअखेर १६ चे ६० झाले होते. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी बरोला मिळाली, आणि देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला देतात तो ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडीला. १३ जानेवारी २०२० च्या सोमवारी रात्री न्यू ऑर्लीन्समध्ये क्लेमसनला ४२-२५ ने हरवून एलएसयू राष्ट्रीय विजेता झाला. पंधरापैकी पंधरा सामने जिंकून.

आता घड्याळ लावा. सोमवारी रात्री विजेतेपद. मंगळवारी बातमी, की ब्रेडी व्यावसायिक संघाकडे, कॅरोलिना पँथर्सकडे निघाला. गुरुवारी, १६ तारखेला, अधिकृत घोषणा. विजयाच्या सिगारचा वास अजून कपड्यांना येत होता.

इथून प्रात्यक्षिक सुरू.

पहिल्या दिवशी बातमी मानायची नाही. "अहो, ही एजंट लोकांची खेळी असते, पगार वाढवून घ्यायला," असं ठामपणे म्हणायचं. हे वाक्य नेहमी तयार ठेवा. ते निम्म्या वेळा खरंही निघतं, म्हणूनच इतकं उपयोगी. ब्रेडीला एलएसयू घसघशीत वाढ देणार, अशी चर्चा आधीपासून होतीच, त्यामुळे बॅटन रूजमध्ये हा टप्पा जरा लांबला.

दुसऱ्या दिवशी पैशाला दोष द्यायचा. यात एक अडचण आहे. विद्यापीठांकडे पैसा कमी नाही. अरांडाचा आकडा वर दिलाच आहे. पण शोकात हिशेब काढणारा माणूस कोणालाच आवडत नाही, तेव्हा मान हलवा.

खरं कारण बहुधा वेगळंच असतं, आणि ते समजून घ्यायला थोडा वेळ द्या. कॉलेजचा कोच मैदानावर जेवढा राबतो, तेवढाच लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत राबतो. शाळेतला सतरा वर्षांचा मुलगा आपल्याकडे यावा म्हणून त्याला रात्री-बेरात्री मेसेज करायचे, त्याच्या वाढदिवसाला फोन करायचा, घरी जाऊन आईच्या हातचं खाऊन वाहवा करायची, आजीला नमस्कार-चमत्कार, बापाबरोबर मासेमारीच्या गप्पा. मुलगी बघायला जातात तसंच सगळं, फक्त इथे दर आठवड्याला नवं घर, आणि होकार आला तरी सही होईपर्यंत कशाचा भरवसा नाही. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आलं, आणि आपल्याकडे खेळणारा मुलगा उद्या दुसरीकडे जाईल ही नवी धास्ती जडली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली, तेव्हा तर वाहवेबरोबर भावही करावा लागू लागला. व्यावसायिक संघात हे काही नाही. ३२ संघ, एप्रिलमध्ये ड्राफ्ट, ज्याने ज्याचं नाव पुकारलं तो त्याचा. मुलाच्या आजीला विचारतं कोण! उरलेला सगळा वेळ अंधाऱ्या खोलीत सामन्यांच्या चित्रफिती बघायच्या आणि डाव आखायचे. ज्याला खेळाचं वेड आहे आणि गोड बोलायचा कंटाळा, त्याला हा स्वर्गच. २०२४ मध्ये जेफ हॅफली बॉस्टन कॉलेजचं हेड कोचपद सोडून ग्रीन बे पॅकर्सकडे बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून गेला. मुख्य असलेला माणूस आपण होऊन असिस्टंट झाला.

हे कारण कळलं तरी सुतकाच्या घरी बोलून दाखवू नका. तिथे "त्याला ओढून नेलं" एवढंच चालतं.

तिसरा दिवस आरोपांचा. अनुभवी मंडळी या दिवशी एक सुंदर कोलांटी उडी मारतात, ती नवशिक्याने जरूर शिकावी. "तसं बघायला गेलं तर सगळं एन्समिंगरच करायचे." स्टीव्ह एन्समिंगर हे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे प्रमुख, साठी ओलांडलेले, स्वतः एलएसयूकडूनच खेळलेले. पदाने ब्रेडीच्या वर. डावही बहुतांश तेच पुकारायचे. हे सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत कोणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. एन्समिंगरना हा गौरव आधी मिळायला हवा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण मिळाला तो दुसऱ्यावरच्या रागापोटी.

आणि एक प्रश्न आहे, जो तुमच्या जिभेवर येईल आणि तुम्ही तो गिळायचा आहे. "पण हा ब्रेडी आला कुठून होता?"

ब्रेडी आला होता न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून. व्यावसायिक संघाकडून! बॅटन रूजपासून सुमारे १३० किलोमीटर. तिथे तो दोन हंगाम साध्या सहायकाचं काम करत होता, आणि एलएसयूने त्याला तिथून उचललं. तेव्हा सेंट्सच्या चाहत्यांपैकी कोणी काळी फीत लावल्याचं ऐकिवात नाही. आपण उचललं ती पारख, त्यांनी उचललं ती चोरी. आपला तो बाब्या. खुद्द हेड कोच एड ओर्जेरॉन यांची कुंडली काढली तर तेही २००८ मध्ये याच सेंट्सकडे असिस्टंट होते. बायू लाफूर्शच्या काठचं लारोज हे त्यांचं गाव, आवाज असा की डब्यात खडे टाकून हलवावेत, आणि कोच म्हणून इतकी घरं फिरलेले की त्यांनी कुणाला "निष्ठा" हा शब्द ऐकवला असता तर तो स्वतःच लाजला असता. ओर्जेरॉननी तो फारसा ऐकवलाही नाही. या धंद्यातली माणसं चाहत्यांपेक्षा फार शहाणी असतात.

साखळी किती लांब आहे तेही बघून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी धक्का बसणार नाही. कॅरोलिना पँथर्सनी आपला नवा हेड कोच ७ जानेवारीला नेमला, मॅट रूल. तो आणला बेलर विद्यापीठातून. रूलने ब्रेडीला एलएसयूतून नेलं. इकडे रूल गेल्यामुळे बेलरची खुर्ची रिकामी. बेलरने ती भरायला कोणाला नेलं? एलएसयूच्याच डेव्ह अरांडाला. तेही १६ जानेवारीलाच. टेक्ससमधल्या एका विद्यापीठाचा कोच कॅरोलिनाला जातो आणि लुइझियानातल्या दोन खुर्च्या एका दिवसात रिकाम्या होतात. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, विजेता संघ व्हाइट हाउसला गेला.

अरांडासाठी मात्र गाव तेवढं हळहळलं नाही. तो हेड कोच व्हायला गेला होता, म्हणजे बढती. शिवाय बचावाच्या माणसासाठी कोणी सहसा रडत नाही. हा अन्यायच आहे, पण त्यावर वेगळी मार्गदर्शिका लागेल.

फारच जड वाटू लागलं तर वाघाला भेटून या. हे मी गमतीने म्हणत नाही. टायगर स्टेडियमसमोर १५,००० चौरस फुटांच्या आवारात खराखुरा जिवंत वाघ आहे, नाव माइक, सध्याचा सातवा. हौद आहे, झाडं आहेत, पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे लोक देखभाल करतात. फुटबॉलच्या पगारपत्रकाच्या आसपास असूनही कुठल्याच व्यावसायिक संघाकडून ज्याला बोलावणं येणार नाही, असा तो एकटाच. भिंतीजवळ उभे राहा. तो बहुधा झोपलेला असेल.

पुढच्या हंगामात काय करावं, हा प्रश्न नवशिके हमखास विचारतात. २६ सप्टेंबर २०२० ला एलएसयूचा पहिला सामना मिसिसिपी स्टेटशी झाला, घरच्या मैदानावर. समोरच्या क्वार्टरबॅकने ६२३ यार्ड फेकले आणि एलएसयू ४४-३४ हरलं. हंगाम संपला तेव्हा जमेला पाच विजय, पाच पराभव. "बघा, ब्रेडी गेला आणि काय झालं!" असं या वेळी म्हणायची पद्धत आहे. म्हणा. पण तो ६२३ यार्डांचा खड्डा बचावात पडला होता, म्हणजे अरांडाच्या जागी. आणि त्या वसंतात एलएसयूचे चौदा खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले होते, पाच पहिल्याच फेरीत, बरो तर सगळ्यांत आधी, सिनसिनाटी बेंगल्सकडे. चौदा गेले, त्यांच्यासाठी पेढे वाटले. एक गेला, त्याच्या नावाने बोटं मोडली. कारण खेळाडूने मोठं होऊन जायचं असतं अशी सगळ्यांची मनाची तयारी असते. असिस्टंट कोचही तिशीचा पोरगा असतो हे कोणी ध्यानातच घेत नाही.

काही महिन्यांनी तुमच्या मनात एक पाप येईल : याचं तिकडे फसावं. लाजू नका, सगळ्यांच्याच मनात येतं. ब्रेडीच्या बाबतीत ते लवकर फळलं. पँथर्स पहिल्या वर्षी १६ पैकी ५ सामने जिंकले, आणि दुसरं वर्ष पुरतं व्हायच्या आत, ५ डिसेंबर २०२१ ला, ब्रेडीला नारळ मिळाला. बरो नसेल तर प्लेबुक हे नुसतं चोपडं असतं, असं त्या दिवशी बॅटन रूजमध्ये पुष्कळांनी एकमेकांना समजावून सांगितलं. पण आनंद बेताने करा, ही मंडळी परत वर येतात. ब्रेडी बफेलो बिल्सकडे क्वार्टरबॅकांचा कोच म्हणून गेला, २०२३ च्या हंगामातच मधेच वरच्या माणसाला काढल्यावर त्याची जागा घेतली, आणि २०२४ च्या हंगामात त्याच्या हाताखालचा जॉश ॲलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलटही घडतं. ओहायो स्टेटचा असिस्टंट चिप केली जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून लास वेगास रेडर्सकडे गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला घरी बसवलं.

आता शेवटचा धडा, रिकाम्या जागेचा. २०२० साठी ब्रेडीच्या जागी एलएसयूने स्कॉट लाइनहॅन आणले. हे गृहस्थ व्यावसायिक संघाचे हेड कोच राहिलेले, अनुभव दांडगा. एक हंगाम, आणि रामराम. मग जानेवारी २०२१ मध्ये एलएसयूने ठरवलं की ब्रेडी मिळत नाही तर ब्रेडीच्या शेजारी बसणारा आणू. कॅरोलिना पँथर्सकडे ब्रेडीच्या हाताखाली क्वार्टरबॅकांना शिकवणाऱ्या जेक पीट्झला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं. सोबत डीजे मँगस, तोही ब्रेडीच्याच कंपूतला, तोही पँथर्सकडूनच. ब्रेडीच्या ताटातले दोन घास परत आणल्याचं समाधान गावाला झालं. आकाशात डोळे लावून लोक पुन्हा साठ टचडाउनची वाट बघू लागले. तो हंगाम नियमित सामन्यांत सहा विजय, सहा पराभव असा गेला, ऑक्टोबरातच ओर्जेरॉन यांच्या निरोपाची घोषणा झाली, आणि करार मोडल्याबद्दल त्यांना जवळपास एक कोटी सत्तर लाख डॉलर द्यायचं ठरलं.

२०२२ मध्ये पीट्झही व्यावसायिक संघात गेला, लॉस एंजेलिस रॅम्सकडे असिस्टंट म्हणून. नियमाप्रमाणे हेही सुतकच. पण त्या आठवड्यात लॅबमधला सहकारी नेहमीसारखा डबा खात होता, आणि गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनी "कोण पीट्झ?" असंच म्हटलं असतं.